समोरच्या बाजूला

१९७४ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्याचा निकाल आजही वाचवत नाही. ६-१, ६-१, ६-४. हरणारा ३९ वर्षांचा, जिंकणारा २१ चा. केन रोझवॉलने त्या स्पर्धेत आधी पहिलं मानांकन असलेल्या जॉन न्यूकमला बाहेर काढलं होतं आणि उपांत्य फेरीत दोन सेट गमावून बसल्यावरही स्टॅन स्मिथला हरवलं होतं. बाकीच्या तीन मोठ्या स्पर्धा (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, अमेरिकन) त्याने जिंकल्या होत्या, विम्बल्डन तेवढं राहिलं होतं. १९५४, १९५६ आणि १९७० अशा तीन अंतिम फेऱ्या हरून तो चौथ्यांदा तिथे पोचला होता. आणि समोर पोलादी रॅकेट घेतलेला जिमी कॉनर्स, ज्याला या सगळ्या इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं. दोन महिन्यांनी अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत पुन्हा हेच दोघे, आणि निकाल आणखी निर्दय : ६-१, ६-०, ६-१.

माझे बाबा रोझवॉलचे भक्त. त्याला खेळताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे टीव्ही आला तोवर रोझवॉलने मोठ्या स्पर्धा केव्हाच सोडल्या होत्या. ही सगळी भक्ती वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर पोसलेली. कॉनर्सचा विषय निघाला की ‘तो उद्धट पोरगा’ म्हणून ते विषय संपवत. पण १९९१ च्या सप्टेंबरात तेच बाबा सकाळी पेपर आला की आधी अमेरिकन ओपनमधला कॉनर्सचा निकाल शोधायला लागले. आदल्या वर्षी मनगटाच्या दुखण्याने तो जवळजवळ खेळलाच नव्हता. क्रमवारीत १७४ वा, वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या मेहेरबानीने आत आलेला. पहिल्याच फेरीत दोन सेट आणि तिसऱ्यात ०-३ अशा पिछाडीवरून तो जिंकला, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटून दीड वाजला होता. २ सप्टेंबरला, स्वतःच्या ३९ व्या वाढदिवशी, अ‍ॅरन क्रिकस्टीनविरुद्ध पाचव्या सेटमध्ये तो २-५ मागे होता. तोही सामना त्याने टायब्रेकरवर, म्हणजे ६-६ झाल्यावरच्या निर्णायक गेमवर, ओढून आणला. मग उपांत्य फेरीत जिम कूरियरने त्याला सरळ तीन सेटमध्ये उडवलं. कूरियरचं वय २१. सतरा वर्षांपूर्वीचा विम्बल्डनचा हिशेब असा वर्षाचाही फरक न होता चुकता झाला, आणि बाबा मात्र खूश व्हायच्या ऐवजी दिवसभर घुम्यासारखे बसून होते.

त्या पहिल्या फेरीत कॉनर्ससमोर कोण होतं, हे बाबांच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे. पॅट्रिक मॅकेन्रो. ज्या जॉनशी कॉनर्स वर्षानुवर्षं भांडला, नेटजवळ येऊन बोटं नाचवली, त्याचा धाकटा भाऊ. जॉन अजून खेळत होता, पण त्याची सद्दी संपली होती. त्यांच्याच काळातला स्वीडनचा बियाँ बोर्ग त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॉन्टे कार्लोला लाकडी रॅकेट घेऊन परत आला होता आणि पहिल्याच सामन्यात हरला होता. कॉनर्सला जुनं वैर हवं होतं आणि कोण कुणाशी खेळणार हे ठरवणाऱ्या ड्रॉने त्याला निदान आडनाव तरी दिलं.

वयस्कर खेळाडू का टिकतो, याची उत्तरं आपण सहसा त्याच्या शरीरात शोधतो. काय खातो, किती झोपतो, बर्फाच्या पाण्यात किती वेळ बसतो. मला वाटतं, निम्मं उत्तर तरी नेटच्या पलीकडे असतं. शरीर अर्थातच झिजतं. पण पहाटे उठून त्या झिजलेल्या शरीराला पुन्हा कामाला जुंपायचं, तर त्यासाठी कुणीतरी डोळ्यांसमोर लागतं. ‘विजेतेपद’ ही फार धूसर गोष्ट आहे, शिवाय ज्याच्याकडे ती वीसेक पडलेली आहेत त्याला एकविसाव्याची भूक कितीशी असणार? एका विशिष्ट माणसाचा एक विशिष्ट फटका मात्र अगदी ठसठशीत दिसतो.

बोर्ग आणि मॅकेन्रो यांचं प्रकरण बघा. एकूण चौदा सामने, सात-सात. १९८१ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत मॅकेन्रोकडून हरल्यावर बोर्ग बक्षीस समारंभालाही न थांबता निघून गेला, आणि त्यानंतर मोठी स्पर्धा खेळलाच नाही. वय पंचवीस. त्याच्या थकव्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला जास्त कुतूहल आहे ते जिंकलेल्याचं. बोर्गने परत यावं म्हणून मॅकेन्रोने त्याची मनधरणी केली होती. ज्याला हरवायला जिवाचं रान केलं, तो गेल्यावर ‘येरे बाबा परत’ म्हणायची पाळी आली. १९८४ मध्ये मॅकेन्रोने ८५ पैकी ८२ सामने जिंकले, इतकं वर्चस्व क्वचितच कुणी गाजवलंय. आणि त्या वर्षीच्या अमेरिकन ओपननंतर एकेरीची एकही मोठी स्पर्धा त्याला जिंकता आली नाही. तेव्हा तो पंचवीस वर्षांचाच होता, म्हणजे बोर्ग गेला त्याच वयाचा.

रोझवॉलचं उलट. १९५७ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि त्या काळच्या नियमांमुळे अकरा वर्षं मोठ्या स्पर्धांचे दरवाजे त्याला बंद झाले. त्या वर्षांत मूठभर व्यावसायिक खेळाडू गावोगाव फिरत, मिळेल त्या हॉलमध्ये कोर्ट अंथरत आणि पुन्हा पुन्हा एकमेकांशीच खेळत. १९६३ पासून त्या फडात रॉड लेव्हर आला. दोघे शंभराहून जास्त वेळा एकमेकांशी खेळले, बऱ्याचदा तुटपुंज्या प्रेक्षकांपुढे. त्याचं फळ १९७२ च्या मे महिन्यात डॅलसला दिसलं. रोझवॉल ३७, लेव्हर ३३, पाचवा सेट टायब्रेकरवर. रोझवॉल ४-५ मागे आणि पुढच्या दोन्ही सर्व्हिस लेव्हरच्या. लेव्हर बॅकहँडवर सर्व्ह करणार हे रोझवॉलला माहीत, आणि रोझवॉलचा बॅकहँड जगात सर्वोत्तम आहे हे लेव्हरला माहीत. दोन सर्व्हिस, दोन बॅकहँड, दोन्ही गुण रोझवॉलचे, आणि पाठोपाठ सामनाही. मला हा शेवट कुठल्याही विम्बल्डनपेक्षा प्रिय आहे, कारण त्यात चकवा काहीच नाही.

तर आता आपल्या डोळ्यांदेखतच्या मंडळींकडे येते. रॉजर फेडरर १९८१ चा, राफेल नदाल १९८६ चा, नोव्हाक जोकोविच आणि अँडी मरे १९८७ चे, मेमध्ये एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेले. २०१६ च्या सुरुवातीला फेडररचा गुडघा दुखावला तो कोर्टवर नाही, घरी मुलींच्या आंघोळीचं पाणी काढताना. (चार पोरांचा बाप, दुसरं काय होणार.) आयुष्यातली पहिली शस्त्रक्रिया झाली आणि विम्बल्डननंतरचं उरलेलं वर्ष सोडून द्यावं लागलं. त्या ऑक्टोबरात तो मायोर्काला, नदालच्या मूळ बेटावर, त्याच्या अकादमीच्या उद्घाटनाला गेला. नदालचं मनगट दुखत होतं. दोघांपैकी एकही धड खेळायच्या स्थितीत नव्हता, म्हणून पोराटोरांबरोबर थोडं टोलवाटोलवीचं टेनिस झालं. ही दोघांच्या कारकिर्दीची निरवानिरव आहे, असं कुणालाही वाटलं असतं. तीन महिन्यांनी हेच दोघे ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत होते.

तोवर नदाल २३-११ पुढे होता. कारण शाळकरी पोरालाही सांगता आलं असतं. नदालचा डावखुरा, प्रचंड फिरकीचा फोरहँड फेडररच्या एकहाती बॅकहँडवर यायचा आणि खांद्याच्या वर उसळायचा. तिथून चेंडू परत करणं म्हणजे नुसती सुटका. बारा-तेरा वर्षं जग हे बघत होतं. ३५ वर्षांच्या फेडररने यावर काढलेला तोडगा ऐकायला सोपा आहे. रॅकेट आधीच मोठी केलेली होती. आता तो मागे सरकेना. चेंडू उसळायच्या आतच घ्यायचा आणि सपाट मारायचा. पाचव्या सेटमध्ये तो १-३ मागे होता, तिथे बहुतेक माणसं आपल्या जुन्या, सुरक्षित सवयीकडे वळतात. तो वळला नाही. पुढचे पाचही गेम त्याने घेतले. त्या वर्षी ते आणखी तीनदा भेटले आणि तिन्ही वेळा फेडरर जिंकला. शेवटी हिशेब २४-१६ वर थांबला, म्हणजे पस्तिशीनंतरच्या सहा सामन्यांपैकी पाच फेडररचे. उतारवयात माणूस आहे ते जपतो, अशी आपली समजूत. इथे एका माणसाने सगळ्यात दुखरा कोपरा पस्तिसाव्या वर्षी दुरुस्त करायला घेतला, आणि तो कोपरा दुखरा आहे हे त्याला दाखवणारा एकच जण होता. नदाल नसता तर फेडररला आपल्या बॅकहँडमध्ये काही कमी आहे हे कळलंही नसतं. जोकोविचने त्याचा त्रास वाढवला हे खरं, पण मूळ जखम मायोर्काची.

जोकोविच-नदाल हे मात्र वेगळ्याच जातीचं भांडण. साठ सामने, ३१-२९ जोकोविचच्या बाजूने. २०१२ ची ऑस्ट्रेलियन ओपनची अंतिम फेरी ५ तास ५३ मिनिटं चालली आणि नंतरच्या भाषणांच्या वेळी दोघांना उभं राहवेना, म्हणून खुर्च्या आणाव्या लागल्या. तो सामना मी पूर्ण पाहिला, आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा मला आवडला नाही. सुंदर असं त्यात फार नव्हतं. दोन माणसं एकमेकांना ‘तू आधी’ म्हणत होती आणि दोघंही ऐकत नव्हती, एवढंच. पण पुढची दहा वर्षं या दोघांनी शरीराचे जे हाल सोसले त्याची पूर्वतयारी त्या रात्री झाली, असं मला वाटतं. नदालच्या डाव्या पायाचं हाडाचं दुखणं २००५ पासूनचं, बरं न होणारं. २०२२ ची फ्रेंच ओपन त्याने पाय बधिर करणारी इंजेक्शनं घेऊन जिंकली. ती त्याची तिथली चौदावी, आणि वाटेत उपांत्यपूर्व फेरीत समोर जोकोविच होता.

हे सगळं मनावरच ढकलून चालणार नाही, हेही सांगून टाकते. आज वरच्या खेळाडूच्या बरोबर फिजिओ, फिटनेस ट्रेनर, प्रशिक्षक असा अख्खा संसार फिरतो. तो पैसा रोझवॉलच्या काळात कुणाकडे नव्हता आणि आजही क्रमवारीत दीडशेवा असलेल्याकडे नाही. २००१ पासून मोठ्या स्पर्धांत सोळाऐवजी बत्तीस मानांकनं झाली, त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांत मोठ्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. फेडररने २०१७ आणि २०१८ मध्ये लाल मातीचा हंगाम सरळ सोडून दिला, ही चैनही ज्याला परवडते त्यालाच. आपल्या रोहन बोपण्णाच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती. त्याला अय्यंगार योगाने तारलं असं तो स्वतः सांगतो, आणि २०२४ च्या जानेवारीत ४३ व्या वर्षी मॅथ्यू एब्डनबरोबर त्याने ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली. तेव्हाच तो दुहेरीत जगात पहिलाही झाला. पुणेकरांनी याचं श्रेय परस्पर आपल्या खात्यात जमा करून घेतलं नसतं तरच नवल.

आणि माझ्या या ‘समोरचा माणूस’ सिद्धान्ताला पुण्यातच एकदा सुरुंग लागला होता. जानेवारी २०१९, बालेवाडी, महाराष्ट्र ओपनची अंतिम फेरी. इव्हो कार्लोविच विरुद्ध केविन अँडरसन. कार्लोविच २११ सेंटिमीटर उंच, वय ३९. तीन सेट, तिन्ही टायब्रेकरवर, ७-६, ६-७, ७-६, आणि सबंध सामन्यात एकदाही कुणाची सर्व्हिस मोडली नाही, म्हणजे दर गेम सर्व्हिस करणाऱ्यानेच जिंकला. थोड्या वेळाने आमच्या रांगेतल्या काकांनी चेंडू बघायचं सोडून दिलं आणि फक्त स्कोअरबोर्ड बघायला लागले. कार्लोविच तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये पाच गुणांपर्यंत पोचून हरला. दुसऱ्या दिवशी वाचलं, की एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक मालिकेतल्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा इतका वयस्कर खेळाडू त्याच्याआधी १९७७ मध्ये हाँगकाँगला झाला होता. त्याचं नाव केन रोझवॉल. त्याने ४३ व्या वर्षी ती स्पर्धा जिंकली होती. बाबा असते तर त्यांनी ते कात्रण पाकिटात ठेवलं असतं.

कार्लोविचला कुणी प्रतिस्पर्धी नव्हता. म्हणजे सामने पुष्कळ खेळला, पण कुणाचं नाव घेतलं की त्याचं आठवावं, अशी जोडी नाही. त्याची स्पर्धा होती ती चेंडू वर फेकायच्या स्वतःच्या हाताशी. अशीही माणसं टिकतात. फक्त त्यांचं टिकणं बघताना मला कौतुक वाटतं, घालमेल होत नाही.

घालमेल म्हणजे १४ जुलै २०१९, विम्बल्डन. उपांत्य फेरीत फेडररने नदालला हरवलेलं, अंतिम फेरीत जोकोविच. अडतीस पूर्ण व्हायला फेडररला महिनाही उरला नव्हता. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५, सर्व्हिस फेडररची, म्हणजे दोनपैकी एक गुण मिळाला की सामना त्याचा. आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं. मुलगा जोकोविचचा, तोही गप्प. पहिल्या गुणावर फेडररचा फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर तो पुढे आला आणि जोकोविचने चेंडू त्याच्या बाजूने तिरका काढला. दोन फटके, दोन्ही साधे. त्यानंतर आणखी बराच वेळ सामना चालला, ४ तास ५७ मिनिटांनी १३-१२ वर संपला, पण मला पुढचं फारसं आठवत नाही. फेडररने एकूण २१८ गुण जिंकले आणि जोकोविचने २०४, हे नंतर समजलं. टेनिसमध्ये बेरीज मोजत नाहीत. लोक ‘रॉजर, रॉजर’ ओरडत होते तेव्हा मी ते ‘नोव्हाक, नोव्हाक’ असं ऐकत होतो, असं जोकोविचने सामन्यानंतर सांगितलं. लोकांना ते गमतीदार वाटलं. मला ते जरा भीतिदायक वाटलं. पंधरा हजार माणसांना उलटं ऐकायला शिकलेल्या माणसाला म्हातारपण काय करणार?

त्याला म्हातारपणाने नाही, एकटेपणाने गाठलं. सप्टेंबर २०२२ मध्ये लंडनला लेव्हर कपमध्ये फेडरर शेवटचा खेळला, दुहेरीत, शेजारी नदाल. नंतर दोघं बाकावर बसून रडले. आपल्या आयुष्यातला एक महत्त्वाचा भागही रॉजरबरोबर निघून चालला आहे, अशा अर्थाचं नदाल बोलला. त्याच्या तोंडून ते नाटकी वाटलं नाही. दोन वर्षांनी, २०२४ च्या जुलैअखेर, पॅरिस ऑलिंपिकच्या दुसऱ्या फेरीत जोकोविच आणि नदाल साठाव्यांदा भेटले. त्यांची पहिली भेटही तिथेच, फ्रेंच ओपनच्या रोलाँ गॅरोसलाच झाली होती, २००६ मध्ये, आणि त्या वेळी जोकोविचने दोन सेट हरल्यावर सामना सोडून दिला होता. या वेळी ६-१, ६-४ असा जोकोविच जिंकला. दुसऱ्या सेटमध्ये ०-४ वरून नदालने ४-४ केलं आणि पाच-सात मिनिटं सगळ्यांचंच वय विसरलं गेलं. त्याच ऑलिंपिकमध्ये मरेने दुहेरी खेळून रॅकेट ठेवलं, कमरेत धातू बसवून घेऊन पाच वर्षं ओढल्यानंतर. नोव्हेंबरात नदालही थांबला.

जोकोविचने ते ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, सोळा वर्षांनी लहान कार्लोस अल्काराझला दोन टायब्रेकरमध्ये हरवून, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिने होतात न होतात तोच. त्याच्या आयुष्यात जिंकायचं राहिलेलं एवढंच होतं. २४ मोठ्या स्पर्धा झालेल्या, पहिल्या क्रमांकावर ४२८ आठवडे झालेले. मग त्याने पुढच्या मोसमासाठी प्रशिक्षक नेमला, तो अँडी मरे.

यावर बरंच विश्लेषण झालं : मरेची रणनीतीची जाण, त्याची परतीच्या फटक्यांची समज वगैरे. असेलही. दोघे अकरा-बारा वर्षांचे असताना पहिल्यांदा खेळले होते, नंतर व्यावसायिक टेनिसमध्ये छत्तीस वेळा, त्यांतले पंचवीस जोकोविचने जिंकले. मला त्या नेमणुकीत साधी गोष्ट दिसली. कोर्टच्या पलीकडे ओळखीचं कुणी उरलं नाही, तेव्हा त्याने त्यांच्यातलाच एक माणूस बोलावून आपल्या बाजूला बसवला. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मांडी दुखावलेली असताना पहिला सेट गमावूनही त्याने अल्काराझला हरवलं, आणि थेट मरेकडे जाऊन त्याला मिठी मारली. पुढच्या सामन्यात ती मांडी चालेनाशी झाली आणि एका सेटनंतर त्याला थांबावं लागलं. प्रेक्षकांतून काही जणांनी हुर्यो केली. त्यांना काय म्हणावं, ते छापण्यासारखं नाही.

त्या वर्षी चारही मोठ्या स्पर्धांत तो उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि चारही वेळा तिथेच थांबला. पॅरिस आणि विम्बल्डनला यानिक सिनर, न्यूयॉर्कला अल्काराझ. वाईट खेळला म्हणावं असं नाही. पण त्या पोरांकडे त्याच्याबद्दलचा राग नाही, आदर आहे. आदर करणाऱ्याशी खेळताना राग आणायचा कुठून, ही अडचण त्याला आधी कधी आली नसावी.

मरेबरोबरचं काम सहा महिन्यांत, मेमध्ये संपलं. २४ मे रोजी जिनिव्हात त्याने कारकिर्दीतलं शंभरावं विजेतेपद मिळवलं, अंतिम फेरीत पहिला सेट हरून आणि पुढचे दोन टायब्रेकरवर जिंकून. दुसऱ्या दिवशी, रविवारी, पॅरिसमध्ये नदालचा सत्कार होता. सेंटर कोर्टच्या लाल मातीत नेटजवळ त्याच्या पावलाचा ठसा आणि चौदाचा आकडा असलेली पाटी बसवली होती. फेडरर आला, मरे आला, जोकोविच आला. चौघांनी मिठ्या मारल्या, लोक रडले, मीही रडले. तिघे त्यानंतर मोकळे होते. चौथ्याची मंगळवारी पहिल्या फेरीची मॅच होती, अमेरिकेच्या मॅकेन्झी मॅकडोनल्डशी. ६-३, ६-३, ६-३.